परदेशी मेंढीचा झुपका

त्या दिवाळीला आमच्या हर्सूलच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. खुर्च्या होत्या, पण खुर्च्यांवर पोती होती आणि पोत्यांत लोकर होती. पलंगाखाली लोकर, सोफ्यामागं लोकर, देव्हाऱ्याशेजारी लोकर, आणि गॅसची शेगडी तेवढी सोडून स्वयंपाकघरातही लोकर. काळी, करडी, तांबूस, न धुतलेली, मेंढी जिथं जिथं बसली त्या सगळ्या गावांची माती घेऊन आलेली. वास असा, की कुरिअरवाला फाटकाच्या आत यायचा नाही. पाकीट बाहेरूनच भिरकवायचा आणि गाडी न थांबवता निघून जायचा.

ही सगळी करणी आबांची. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता आबांकडं मोजकीच मेंढरं उरली आहेत आणि मतं मात्र कळपानं आहेत. भाऊबंदांचे कळप अजून मोठे आहेत, पण लोकरीला कुणी विचारत नाही. पूर्वी घोंगडीवाले न्यायचे. आता कातरणाऱ्याला पैसे देऊन लोकर कातरून घ्यायची आणि ओढ्याच्या कडेला टाकून द्यायची, असा उलटा धंदा चालू होता.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हिशेब लिहायचे. तिथं मशीनखाली घालायला लोकर दाबून केलेला जाड नमदा बाहेरून मागवत. ते बघून माझं डोकं तापायचं. इकडं लोकर ओढ्यात आणि तिकडं नमदा बाहेरून! शेवटी नोकरी सोडली, चिकलठाण्यातच एक छोटा गाळा भाड्यानं घेतला, आणि इटलीतल्या एका बंद पडलेल्या गिरणीतलं लोकर पिंजायचं छोटं, वापरलेलं मशीन ठरवलं. पैसे भरले, मशीन जहाजात चढलं. त्या दिवशी मी आबांना म्हणाले, "अजून कुणाला बोलू नका."

आबांना 'कुणाला बोलू नका' म्हणणं म्हणजे गावात दवंडी पिटायला माणूस लावणं. पुढच्याच बाजारच्या दिवशी त्यांनी सगळ्या भाऊबंदांना गोळा केलं आणि सांगितलं, "औंदा लोकर टाकू नका. माझ्या घरी आणून टाका. पोरगी इलायतेहून मशीन आणतीय. दिवाळी झाल्यावर तुमी मेंढरं घेऊन लांब चरायला निघायच्या आत तुमच्याच लोकरीची गादी तुमच्या म्होरं अंथरून दाखवतो. नाय दाखवली तर मला मेंढक्या म्हनू नका."

मशीन अजून समुद्रात आणि गादीचं आमंत्रण गावात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. पण भाऊबंदांनी आबांचा शब्द खरा मानला आणि टेम्पो भरभरून लोकर आमच्या दारात ओतली. आबांचा शब्द आजवर कधी मोडला नव्हता. खरं सांगायचं तर आजवर त्यांनी तो समुद्रापलीकडच्या गोष्टीवर कधी दिलाच नव्हता.

मशीन मुंबईच्या बंदरात उतरलं आणि तिथंच घोडं अडलं.

आमचा क्लिअरिंग एजंट औरंगपुऱ्यात, एका बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीत बसायचा. जिना इतका उभा की वर पोचल्यावर माणूस भांडायला आलेला असला तरी आधी पाणी मागायचा. ती त्यानं मुद्दाम केलेली सोय असावी, असा माझा संशय आहे. माणूस भला होता. चष्मा कपाळावर सरकवून टेबलभर चष्मा शोधायचा. त्यानं फोन करून सांगितलं, "मॅडम, होल्ड लग गया. आ जाव."

मी स्कूटर काढली. आबा मागं बसले. त्यांना न्यायचं नव्हतं, पण ते बसलेच होते.

"होल्ड म्हणजे काय?" मी पाणी पिऊन विचारलं.

"होल्ड मतलब कोई बोला, ठैरो," एजंट म्हणाला. "अब ये कोई एक नै है. कस्टम ठैरो बोल सकता, जहाज कंपनी बोल सकती, कीड देखनेवाले बोल सकते, जानवर के डॉक्टर बोल सकते. जिसने बोला उसीने उठाना. एक ने उठाया तो दूसरे का उठता नै."

"मग तोवर?"

"तोवर भाडा. डब्बा, मतलब कंटेनर, बंदर के जमीन पे बैठा ना? पयले थोडे दिन फुकट. उसके बाद उस जमीन का भाडा, वो डेमरेज. और डब्बा खुद जहाज कंपनी का है ना? उनकू टाइम पे खाली वापस नै किया तो डब्बे का भाडा, वो डिटेन्शन. दोनों साथ में चलते."

"पण थांबवलं त्यांनी, तर भाडं आम्ही का द्यायचं?"

"मॅडम, गलती किसकी, ये मीटर नै पूछता."

इथं आबांनी हात वर केला. आबा हात वर करतात तेव्हा मी डोळे मिटून घेते.

"एक मिंट," आबा म्हणाले. "माझी मेंढरं कुणाच्या रानात रातच्याला बसली, तर पैसं कोन देतो?"

एजंटला प्रश्न कळला नाही. "कौन देता?"

"रानवाला देतो! मेंढरं बसली की खत भेटतं म्हून. जवारी देतो, पैसं देतो, वर च्या पाजतो. आन् हितं आमचा डबा त्येंच्या रानात बसलाय. मंग आमी कशाचं देयाचं? त्येंनी द्यावं."

एजंटनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि आबांकडं नीट पाहिलं. त्याच्या धंद्यात हा मुद्दा त्याला अजून कुणी घातला नसावा. बराच विचार करून तो म्हणाला, "चाचा, लेकिन डब्बा खत नै देता."

आबाही विचारात पडले. मग म्हणाले, "ह्ये खरंय." आणि दोघांनी चहा मागवला. त्या चहापासून त्यांची जी दोस्ती जमली ती आजतागायत आहे. माझं काम मात्र होतं तिथंच राहिलं.

पहिला होल्ड लाकडाचा होता. मशीन ज्या लाकडी चौकटीत बांधलं होतं, तिच्यावर कीड मारल्याचा शिक्का नव्हता. लाकडाला धुरी द्यावी लागली, तिची फी. दुसरा जहाज कंपनीचा. त्यांची कसलीशी रक्कम भरायची राहिली होती, म्हणून त्यांनी माल सोडायची चिठ्ठी अडवली. ती भरली. प्रत्येक बिल मी ओळ न् ओळ वाचायचे आणि फोन करून भांडायचे. हँडलिंग, डॉक्युमेंट, सील, मग पुन्हा हँडलिंग. "पहिल्या हँडलिंगला काय झालं होतं की दुसरं लागलं?" असं मी जहाज कंपनीच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मॅम, सिस्टीममध्ये आहे." मी म्हणाले, "सिस्टीमला फोन द्या." तिनं मला होल्डवर टाकलं. तोही होल्डच. फक्त त्याला गाणं होतं.

दोन होल्ड उठले तेव्हा मी पेढे आणले. घाई झाली. कस्टमनं तपासायला कंटेनर उघडला आणि मशीनच्या दोन रुळांच्या मधे त्यांना लोकरीचा एक झुपका सापडला. लिंबाएवढा. इटलीतल्या कुठल्याशा मेंढीचा, पुसायचा राहून गेलेला. परदेशातल्या जनावराचा केस विनापरवाना देशात येतोय म्हटल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी तिसरा होल्ड लावला. नमुना तपासायला जाणार, मशीनला औषध मारणार, मगच सुटका.

म्हणजे बघा. माझ्या घरात खोल्याच्या खोल्या लोकर, तिला कुणी हुंगत नाही. आणि त्या लिंबाएवढ्या झुपक्यासाठी सरकारी प्रयोगशाळा कामाला लागली.

एजंटच्या फोनवर त्या झुपक्याचा फोटो आला होता. आबांनी तो बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला, आणि निकाल दिला, "ह्ये मेंढराचं नायच. कुत्र्याचं हाय." मी विचारलं, कशावरून? "आपल्या मेंढराचं आसं नसतंय." ती आपली मेंढी नव्हती, हेच तर सगळं दुखणं होतं. पण आबांना ते पटेना. एजंटनं मैत्रीखातर मान डोलावली. नंतर कळलं की ती चांगल्या जातीची मेंढीच होती, आणि आबा आठवडाभर त्या मेंढीवर रागावून होते.

इकडं घरी मायनं, म्हणजे माझ्या आईनं, कारभार हातात घेतला. माझे फोन स्पीकरवर चालायचे, त्यामुळं तिला सगळे शब्द पाठ झाले होते. एके सकाळी न्हाणीघराच्या वाटेवर आबांनी दोन पोती ठेवलेली तिला दिसली.

"ह्या पोत्यांस्नी आजचा दिस फुकट," ती म्हणाली. "उद्यापातूर हलली नायत तर डेमरेज."

"आन् ठिवू कुठं?" आबा म्हणाले. "मशीन बंदरात अडकलंय. कस्टमचा होल्ड हाय. माझ्या हातात काय हाय?"

"चूक कुनाची बी आसू दे. मीटर चालू."

मायचं डेमरेज लसणात होतं. एका पोत्यामागं रोज एक वाटी लसूण सोलायचा. आबांनी आधी हसण्यावारी नेलं. मग दुपारच्या जेवणावर होल्ड लागला. तेव्हा आबा निमूट ओट्यावर बसले आणि सोलू लागले. हॉलमधल्या पोत्यांचा दर वेगळा, देव्हाऱ्याशेजारच्यांचा दुप्पट, कारण देवाच्या नाकाला त्रास. दिवाळी जवळ आली तेव्हा आमच्या घरात इतका सोललेला लसूण झाला, की तो ठेवायला जागा नव्हती. आबांनी विचारलं, आता ह्या लसणाचं डेमरेज कोण देणार? मायनं ऐकू न आल्यासारखं केलं. शेवटी बरणीभर लसणाची चटणी औरंगपुऱ्यात एजंटकडं गेली आणि बांगड्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी नाकाला पदर लावला.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण आबा बाजारात जायचे बंद झाले होते. कुणाच्या लक्षात येऊ नये असं ते करायचे, म्हणून ते माझ्या लवकर लक्षात आलं. आधी म्हणाले, गुडघा दुखतोय. मग म्हणाले, बाजारात आता काय मिळतं? चहाला चौकातल्या टपरीवर जाणारा माणूस घरी चहा मागू लागला. तिकडं भाऊबंद भेटतात आणि विचारतात, मशीन आलं का.

एक दिवस एक चुलते स्वतःच घरी आले. आबांच्या पाठच्या चुलतभावांतले सगळ्यात थोरले, सगळ्यात मोठ्या कळपाचे मालक. फटफटीचा आवाज आला तसे आबा उठले आणि मधल्या खोलीत गेले. मला वाटलं, टोपी घालायला गेले. चुलते पोत्यावरच बसले, कारण दुसरीकडं जागा नव्हती.

"दादा हाय का?" त्यांनी विचारलं.

माय मधल्या खोलीकडं बघत म्हणाली, "भायेर गेल्यात."

"बरं. निरोप द्या. दिवाळी झाली की आमी निघनार. मशीन आलं तर आलं. नाय तर माझी लोकर मी घिऊन जातो. तुमच्या घरात आडचन नको. वढ्याला टाकतो, नेमाप्रमानं." ते चिडून बोलत नव्हते. आवाज अगदी मऊ होता, आणि तेच वाईट होतं.

तेवढ्यात मधल्या खोलीतून जोरात शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी, भिंत हलेल अशी. लोकरीची धूळ कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. चुलत्यांनी मायकडं पाहिलं, मायनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी म्हणाले, "मांजर आहे."

चुलते उठले. फाटकापाशी जाऊन मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "मांजराला काढा पाजा." आणि गेले.

आबा बाहेर आले तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर लोकर. मला हसू आवरेना. मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू गेलं. हा माणूस रानात लांडग्यापुढं काठी घेऊन उभा राहिलेला, कुणापासून कधी लपला नव्हता. आज तो सख्ख्या चुलतभावापासून पोत्यामागं लपला, ते माझ्या मशीनपायी. मला फार लागलं ते. मी त्याच पावली स्कूटर काढली आणि एजंटला म्हणाले, त्या डॉक्टरांशी मला बोलायचंच आहे.

एजंटनं खटपट करून दोन दिवसांनी बंदरावरच्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन जोडून दिला. आबाही तेव्हा माडीवर माझ्याबरोबर होते. मी चांगली तयारी केली होती. कायदा वाचला होता, अर्ज लिहिला होता, आवाजही जरा चढा लावून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तपासणी मी तुमच्यासाठी नाही करत. तिकडच्या मेंढ्यांचा एखादा रोग त्या लोकरीतून इकडच्या कळपात शिरला तर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"डाक्टरसाहेब, मेंढराचा बाप बोलतोय. कंचा रोग म्हनता? देवी?"

झालं. देवीवरून लाळ्याखुरकुतावर, तिथून पायातल्या किड्यांवर, तिथून कुठल्या पाल्यानं कोकराचं पोट फुगतं त्यावर. डॉक्टरही खेड्यातले निघाले. त्यांच्या मामाकडं शेळ्या होत्या. दोघांचं असं जमलं की मी मधे बोललेले दोघांनाही आवडेना. एकदा आमच्या कळपात देवीची साथ शिरली होती. मी तेव्हा लहान होते. आबा सकाळी उठून मेलेली कोकरं पुरायला जायचे, एवढं मला आठवतं. त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं. मग म्हणाले, "आसं हाय तर साहेब, नीट तपासा. घाई करू नका. आमच्या भावकीची मेंढरं हायत. लागंल तितका येळ घ्या."

मी कपाळावर हात मारला. एजंटनं चष्मा कपाळावर सरकवला. होल्ड उठवायला आलेला माणूस होल्ड लावणाऱ्याला म्हणतोय, सावकाश! त्या टेबलाला असा पक्षकार पहिल्यांदाच मिळाला असेल.

"आबा, रोजचं भाडं चढतंय!" मी जिन्यात ओरडले.

"चढू दे."

"आणि तुमचा शब्द?"

ते एक पायरी उतरले, थांबले. "माझा शबुद गेला तर माझा जाईल," ते म्हणाले. "मेंढरं गेली तर समद्यांची जातील." पुढं घरापर्यंत स्कूटरवर मी मनातल्या मनात सगळ्या इटलीशी भांडत होते.

डॉक्टरांनी वेळ लावला, पण मुद्दाम लावला नाही. नमुना स्वच्छ निघाला. मशीनला औषध मारलं, झुपका जाळला, सुटकेचा कागद झाला. होल्ड सरकार लावतं, त्यात माल आणणाऱ्याचा दोष नसतो, म्हणून जहाज कंपनीकडं डिटेन्शन माफ करायचा अर्ज करता येतो, हे एजंटनं मला शिकवलं. मी अर्ज असा लिहिला की वाचणाऱ्याला रडू यावं. त्यांनी निम्मं माफ केलं. उरलेल्या निम्म्यासाठी मी अजून भांडले आणि त्यातलंही थोडं सुटलं. बंदरानं जमिनीच्या भाड्यात एक पैसा सोडला नाही, पण तिथंही मी बोलायचं बाकी ठेवलं नाही.

कंटेनर चिकलठाण्यात आला तो भाऊबिजेच्या दिवशी. वीस फुटी, निळा, पोचे आलेला, समुद्राच्या मिठानं पांढरा पडलेला. कुठकुठल्या देशांचं पाणी बघून आला असेल, आणि आता आमच्या गाळ्यापुढं एक म्हैस त्याला हुंगत उभी होती. क्रेन आली. ड्रायव्हरला घाई. रिकामा डबा मुंबईला वेळेत परत नाही पोचला तर पुन्हा मीटर. मी एका डोळ्यानं मशीनकडं आणि एका डोळ्यानं घड्याळाकडं बघत सगळ्यांवर ओरडत होते. माय सणाची इरकली साडी नेसून भावाला ओवाळून तशीच आली होती आणि हातात पिशवी घेऊन कंटेनरभोवती फिरत होती. मला वाटलं, बघतीय बिचारी. मशीन उतरलं, दारं लागली, ट्रक गेला.

मशीन सुरू व्हायला मात्र दोन दिवस लागणार होते. इलेक्ट्रिशियन सासुरवाडीला. आबांनी स्वतः थोरल्या चुलत्यांना फोन केला. "दोन दिस थांबता का?" एवढंच विचारलं. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण आबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "दोन दिस फुकट दिलं." मग मिशीला हात लावला.

तिसऱ्या दिवशी सगळी भावकी टेम्पोतून गाळ्यावर उतरली. मशीनचं बटन दाबायचा मान आबांचा. त्यांनी दाबलं. मशीन खाकरलं, थरथरलं, आणि मी झाकण लावायला विसरले होते म्हणून सगळी लोकर वर उडाली. क्षणात पागोटी, टोप्या, मिशा, सगळं करडं. भावकी मेंढरांसारखी दिसायला लागली आणि मेंढरांसारखीच एकमेकांना रेटत दाराकडं पळाली. थोरले चुलते शिंकले. आबा म्हणाले, "मांजर." त्यावर जो हशा पिकला त्यात मी झाकण लावून घेतलं.

मग मशीननं काम दाखवलं. एका बाजूनं चिकट, मातकट गोळा आत जाई आणि दुसऱ्या बाजूनं मऊ, जाळीदार पदर बाहेर येई, सायीसारखा. आम्ही पदरावर पदर रचले, खोळीत भरले, आडवे टाके घातले. गादी झाली. आबांनी ती सगळ्यांच्या पुढं अंथरली. कुणी बसेना. शेवटी थोरले चुलते चपला काढून बसले, मग आडवे झाले, आणि डोळे मिटून म्हणाले, "दादा, निघायचं उद्या बघू." दुसऱ्या दिवशी कळप निघाले. पुढच्या कातरणीची लोकरही आमच्याकडंच येणार, हे सांगून निघाले. आबा फाट्यापर्यंत त्यांना पोचवायला गेले आणि येताना चौकातल्या टपरीवर चहा पिऊन आले.

मी दोन दिवस झोपले. उठले ती एजंटच्या फोननं.

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज विचित्र होता, हसू दाबल्यासारखा. "डब्बे पे होल्ड लग गया."

"कुठल्या डब्यावर? डबा तर परत गेला!"

"वोही. फोटो भेजता, देखो."

फोटो आला. मुंबईच्या यार्डातला, उघडलेला रिकामा कंटेनर. आत कोपऱ्यात पळसाच्या पत्रावळीवर गुळाचा मोठा खडा, नारळ, ओंजळभर ज्वारी, बुंदीचा लाडू. दाराच्या आतल्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं. पत्रावळीभोवती मुंग्यांची रांग, ती बहुधा आमच्या चिकलठाण्याचीच. खाली यार्डवाल्याचा शेरा: आत धान्य, अन्नपदार्थ, कीटक व डाग. सफाई होईपर्यंत कंटेनर थांबवला. सफाईची फी लागेल.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आता तिथं लोकर नव्हती. माय कणीक मळत होती.

"हे काय आहे?"

तिनं फोटो पाहिला. "गूळ हाय. दिसंना का?"

"माय, अगं तो रिकामाच परत द्यायचा असतो! स्वच्छ, झाडून! तो उद्या दुसऱ्या देशात जाईल. तिथं ज्वारीचा एक दाणा सापडला तर ते जहाज अडवतील!"

"कशापायी आडवतील? खातील की. कधी खाल्ली आसंल त्येंनी जवारी?"

"पण ठेवलंस कशाला?"

तिनं कणकेचा हात थांबवला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की हिला शाळेत घातलं ते चुकलंच.

"शेजारनीची वाटी आली तर आपन रिकामी धाडतो का?" ती म्हणाली. "आन् ह्येनं तर एवढ्या लांबून तुझ्या बापाचा शबुद आणून दिला दारात. तुझा बाप पोत्यामागं दडला व्हता, पोरी. मी बघितलंय त्येंचं तोंड. त्या डब्याला रिकाम्या पोटी लावून देऊ व्हय?"

मी तिच्याकडं पाठ केली आणि फोन कानाला लावला. फोन चालूच होता. पलीकडं एजंट सगळं ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, माफी का अर्ज लिखना क्या?"

"नको," मी म्हणाले. "किती आहे तेवढी पूर्ण भरते."